विषारी गटांची चाळणी: प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२४

हेतू: रेणू अजून फ्लास्कमध्ये उतरलेला नाही, फक्त रचना कागदावर आहे. अशा वेळी त्यातला कुठला तुकडा पुढे यकृताला, रक्ताला किंवा डीएनएला इजा करू शकेल हे दाखवणारी चाळणी तयार करायची. साधन आरडीकिट (रेणूंच्या रचना हाताळणारी संगणक-लायब्ररी), पॅटर्न स्मार्ट्समध्ये (रेणूतला तुकडा अक्षरांत लिहिण्याची भाषा). पारखायला नवे रेणू मुद्दाम घेतलेले नाहीत. ज्या औषधांचं पुढे काय झालं ते आज सगळ्यांना ठाऊक आहे, तीच घेतली. चाळणीची चूक ओळखीच्या रेणूवरच पकडता येते.

३ जून

तयार याद्यांपासून सुरुवात. आरडीकिटच्या फिल्टर कॅटलॉगमध्ये संशयित तुकड्यांच्या पेन्स, ब्रेंक, एनआयएच आणि झिंक या याद्या आयत्याच मिळतात. पेन्सचे ४८० पॅटर्न तीन गटांत आहेत (१६, ५५ आणि ४०९), ब्रेंकचे १०५.

पहिला निर्णय: पेन्सचा रकाना वेगळा. बेल आणि हॉलोवे यांनी २०१० मध्ये ही यादी केली ती अल्फास्क्रीन या प्रकाशाच्या संकेतावर चालणाऱ्या पद्धतीच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा खोटा होकार देणारे रेणू बाजूला काढायला. चाचणीत गोंधळ घालणं आणि शरीरात विष होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, प्रथिनांना जागोजागी चिकटतं. चाचणीच्या आकड्यांवर त्यामुळे भरवसा ठेवता येत नाही, पण म्हणून हळद विषारी ठरत नाही. दोन्ही याद्या एकाच रकान्यात ओतल्या की पुढे वाचणाऱ्याला कशाची भीती बाळगायची तेच कळत नाही.

पॅटर्नमध्ये हायड्रोजन स्वतंत्र अणू म्हणून लिहिलेला असेल आणि रेणूत तो अध्याहृत असेल, तर जुळणी होतच नाही. बाहेरून आणलेला प्रत्येक पॅटर्न वाचल्यावर त्यातले हायड्रोजन शेजारच्या अणूत विलीन करून घ्यायचे.

४ जून

जुन्या यादीतला नायट्रोचा पॅटर्न पंचसंयुजी नायट्रोजनाचा निघाला, म्हणजे दोन्ही ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेले. आरडीकिट रेणू वाचतानाच नायट्रो गटाला धन-ऋण भाराच्या रूपात आणतं. परिणामी तो पॅटर्न निमेसुलाइड, क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडॅझोल यांपैकी कशालाच लागला नाही. प्रोग्राम थांबला नाही, इशाराही आला नाही. तिन्ही रेणू स्वच्छ म्हणून पुढे गेले.

या कामातली सगळ्यात घातक चूक हीच. चुकीचा पॅटर्न ओरडत नाही, तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेला पॅटर्न निर्धोक रेणूसारखाच दिसतो. आजपासून नियम: प्रत्येक पॅटर्नला दोन साक्षीदार रेणू. एकावर तो लागलाच पाहिजे, दुसऱ्यावर लागता कामा नये. दोन्ही साक्षी जुळल्याशिवाय पॅटर्न यादीत घ्यायचा नाही.

साफसफाईचा क्रम असा ठरला: सर्वांत मोठा तुकडा ठेवून क्षाराचा भाग काढणं, भार उदासीन करणं, टॉटोमर (हायड्रोजनाची जागा बदलून होणारी एकाच रेणूची रूपं) एका ठरावीक रूपात आणणं, मग जुळणी. क्षार आधी काढला नाही तर मेसिलेट आणि बेसिलेट या सल्फोनिक आम्लांच्या क्षारांवर सल्फोनेट एस्टरचा अलर्ट (धोक्याचा इशारा) उगाच पेटतो. एस्टरच्या पॅटर्नमध्ये ऑक्सिजनपुढचा कार्बन सक्तीचा केला. मेसिलेट क्षार आणि मिथेनसल्फोनिक आम्लाचा एथिल एस्टर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला औषधांत सर्रास वापरतात, दुसरा डीएनएला एथिल गट चिकटवतो. याच एस्टरच्या अशुद्धीमुळे २००७ मध्ये एचआयव्हीवरचं नेल्फिनाव्हिर युरोपच्या बाजारातून परत घ्यावं लागलं होतं.

६ जून

अ‍ॅरोमॅटिक अमाइन. सैल पॅटर्न, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक कार्बनला जोडलेला कुठलाही नायट्रोजन, लावून पाहिला तर जवळजवळ सगळीच औषधं अडकली. घट्ट करताना अटी घातल्या: नायट्रोजनवर किमान एक हायड्रोजन, शेजारी कार्बोनिल नाही, सल्फोनिल नाही, आणि रिंग सहा कार्बनांचीच. नायट्रोजन असलेल्या रिंगवरचे अमिनो गट (ट्रायमेथोप्रिमसारखे) कमी वजनाच्या वेगळ्या ओळीत.

आता प्रोकेनामाइड, डॅप्सोन, सल्फामेथॉक्साझोल लागतात, लिडोकेन सुटतं. पहिल्या तिघांचं सूत्र एकच आहे: सायटोक्रोम (औषधं बदलणारं यकृतातलं विकर, म्हणजे एन्झाइम) नायट्रोजनवर ऑक्सिजन चढवतो, हायड्रॉक्सिलअमाइन बनतं, आणि पुढचा त्रास तिथून सुरू होतो. प्रोकेनामाइडनं ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा) आजार, कुष्ठरोगावरच्या डॅप्सोननं मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन), सल्फामेथॉक्साझोलनं अंगावर पुरळ.

संध्याकाळी प्रिलोकेन लावलं आणि अट तोकडी पडल्याचं दिसलं. प्रिलोकेनचा नायट्रोजन अमाइडमध्ये आहे, म्हणून तो सुटला. पण शरीरात तो अमाइड तुटतो, ऑर्थो-टोल्युइडिन मोकळं होतं आणि रक्तात मेटहिमोग्लोबिन वाढतं. दाताच्या भुलीच्या औषधाचा हा जुना, परिचित दुष्परिणाम आहे.

अमाइडची सूट काढून टाकली तर पुन्हा सगळंच अडकेल. म्हणून जुळणी दोन फेऱ्यांत: पहिली अख्ख्या रेणूवर, दुसरी अमाइड आणि एस्टर बंध तोडून मिळालेल्या तुकड्यांवर. दुसऱ्या फेरीतली जुळणी "तुटल्यास" अशा शेऱ्यासह येईल.

१० जून

मायकेल स्वीकारक, म्हणजे प्रथिनांमधल्या गंधकाला स्वतःशी बांधून घेणारे तुकडे. पॅटर्न: कार्बोनिलला लागून कार्बन-कार्बन दुहेरी बंध, सगळे अणू अ‍ॅलिफॅटिक.

कूमारिन सुटलं. आरडीकिट त्याची लॅक्टोन रिंग अ‍ॅरोमॅटिक मानतं, आणि स्मार्ट्समधला मोठ्या लिपीतला कार्बन अ‍ॅरोमॅटिक कार्बनाला जुळत नाही. बेंझोक्विनोन मात्र अ‍ॅरोमॅटिक धरलं जात नाही, त्यामुळे ते लागलं. कूमारिनसाठी वेगळी ओळ लिहिली.

टेस्टोस्टेरॉन आणि प्रोजेस्टेरॉनही अडकले. त्यांच्यातला बीटा कार्बन (दुहेरी बंधातला, कार्बोनिलपासून दूरचा) दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, गंधकाला तिथे शिरायला वाव नाही. बीटा कार्बनावर निदान एक हायड्रोजन हवा, ही अट घातल्यावर दोघेही सुटले. प्रेडनिसोलोन अजून लागतंच, कारण त्याच्या पहिल्या रिंगमध्ये दुसरा दुहेरी बंध आहे आणि त्या बाजूच्या कार्बनावर हायड्रोजन आहे. ते तसंच ठेवलं. एकेका औषधासाठी पॅटर्न वाकवत गेलं तर शेवटी उरते ती फक्त सवलतींची यादी.

ऑसिमर्टिनिब आणि इब्रुटिनिब दोन्ही लागले, आणि लागलेच पाहिजेत. त्यांचा अ‍ॅक्रिलअमाइड हेच त्यांचं हत्यार आहे: पहिला ईजीएफआर या प्रथिनाच्या सिस्टीन ७९७ ला (७९७ व्या जागेवरच्या गंधकयुक्त अमिनो आम्लाला) पक्का धरतो, दुसरा बीटीके या प्रथिनाच्या सिस्टीन ४८१ ला. अलर्ट लागला की रेणू यादीतून उडवायचा, अशी चाळणी असती तर कॅन्सरची ही दोन्ही औषधं पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत गेली असती. म्हणून आपल्या चाळणीला रेणू काढून टाकण्याचा अधिकार द्यायचा नाही. तिनं तुकडा दाखवायचा, त्याचं कारण सांगायचं आणि पुढची चाचणी सुचवायची.

१२ जून

नायट्रो गट. अ‍ॅरोमॅटिक नायट्रो आणि अमाइन हे एकाच वाटेवरचे आहेत. नायट्रोचं क्षपण (ऑक्सिजन काढला जाणं) होता होता मध्येच तेच हायड्रॉक्सिलअमाइन येतं.

जिवाणूंत डीएनए बदलतो का ते पाहणाऱ्या एम्स चाचणीचा निकाल वाचताना इथे फसगत होते. साल्मोनेलाजवळ स्वतःची नायट्रोरिडक्टेज विकरं असतात. त्यामुळे नायट्रो संयुग यकृताचा एस९ अर्क न घालताही टीए९८ किंवा टीए१०० या साल्मोनेलाच्या वाणांत होकार देऊ शकतं. तो होकार जिवाणूच्या विकराचा आहे की माणसाच्या शरीरातही तसंच घडेल, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी नायट्रोरिडक्टेज नसलेल्या टीए९८एनआर या वाणावर तीच चाचणी शेजारी लावायची. अ‍ॅरोमॅटिक अमाइनचं उलटं: एस९ नसेल तर ते बहुधा गप्प असतात. म्हणून चाळणीच्या उत्तरात "एस९ सह" आणि "एस९ विना" यांतलं कुठे काय अपेक्षित आहे तेही छापायचं.

चाचणीचे आकडे हाताशी असावेत म्हणून इथे: ओईसीडी ४७१ या एम्स चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार पाच वाण, किमान पाच मात्रा, विरघळणाऱ्या आणि जिवाणूंना न मारणाऱ्या संयुगासाठी वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति प्लेट, ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास. मोजायच्या त्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाशिवाय वाढू लागलेल्या वसाहती. नमुन्यात अझाइडचा अंश राहिला असेल तर टीए१०० आणि टीए१५३५ मध्ये होकार येतो तो अझाइडचा. टेट्राझोल किंवा ट्रायाझोल बनवून आणलेल्या नमुन्यात हे आधी तपासायचं.

निमेसुलाइड लागलं. दिवसाला २०० मिलिग्रॅम, यकृताला इजेच्या नोंदी. फिनलंड आणि स्पेननं ते २००२ मध्ये थांबवलं, भारतात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ मध्ये बंदी आली. मेट्रोनिडॅझोलही लागलं. त्याचा नायट्रो गट ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंच्या आत क्षपण पावतो म्हणूनच ते काम करतं. तो काढला तर औषधच उरत नाही.

१४ जून

नायट्रोसअमाइन. नायट्रोजन, नायट्रोजन, दुहेरी बंधानं ऑक्सिजन असा साधा पॅटर्न नायट्रअमाइनलाही लागतो, कारण नायट्रो गटातही दुहेरी बंधाचा एक ऑक्सिजन असतोच. दुसऱ्या नायट्रोजनाला दोनच शेजारी, अशी अट घातली. साक्षीदार: एनडीएमए (साधं नायट्रोसअमाइन) लागतं, इमिडाक्लोप्रिड (नायट्रो गट असलेलं कीटकनाशक) लागत नाही.

२०१८ च्या वल्सार्टन प्रकरणामुळे (रक्तदाबाच्या या औषधात एनडीएमएची अशुद्धी सापडली होती) हा पॅटर्न फक्त औषधाच्या रेणूवर न लावता बनवण्याच्या वाटेवरच्या प्रत्येक पदार्थावर लावायचा. तिथे टेट्राझोल रिंग सोडियम अझाइड वापरून डायमिथिलफॉर्मअमाइडमध्ये बनवली जात होती. उरलेलं अझाइड नायट्राइटनं मारलं जाई, आणि द्रावकातून सुटलेल्या डायमिथिलअमाइननं ते नायट्राइट उचललं. औषधाच्या रचनेत काहीच वावगं नव्हतं.

आयसीएच एम७ या औषधांतल्या अशुद्धींबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत डीएनएला इजा करू शकणाऱ्या अशुद्धीसाठी आयुष्यभर घ्यायच्या औषधात दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा आहे. नायट्रोसअमाइनला ती लागू नाही, एनडीएमएची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आहे. एम७ ला अंदाजाच्या दोन पद्धती लागतात, एक नियमांवर आधारलेली आणि एक संख्याशास्त्रीय. आपली चाळणी यांतली पहिलीच आहे, तेवढ्यावर भागत नाही.

चाळणीत अल्फा कार्बनांवरचे (नायट्रोजनला लागून असलेल्या कार्बनांवरचे) हायड्रोजन मोजून छापायची सोय केली. सायटोक्रोमला तिथे ऑक्सिजन चढवता आला तरच पुढे डीएनएला धरणारं डायअ‍ॅझोनियम बनतं. दोन्ही बाजूंना शून्य हायड्रोजन असतील तर ती वाट बंद, आणि असा रेणू १५०० नॅनोग्रॅमच्या सौम्य वर्गात बसतो.

१८ जून

सुडॉक्सिकॅम आणि मेलॉक्सिकॅम. सगळ्या जोड्यांमध्ये ही सर्वांत बोधप्रद, म्हणून जरा सविस्तर.

दोन्ही ऑक्सिकॅम गटातली वेदनाशामकं, दोन्हींच्या टोकाला २-अमिनोथायाझोल अमाइडनं जोडलेलं. फरक एका मिथिलचा. मेलॉक्सिकॅममध्ये थायाझोलच्या पाचव्या कार्बनावर मिथिल आहे, सुडॉक्सिकॅममध्ये तिथे हायड्रोजन. सुडॉक्सिकॅमनं माणसांवरच्या चाचण्यांत यकृताला गंभीर इजा केली आणि त्याचा विकास थांबला. मेलॉक्सिकॅम आज गावोगावच्या औषधाच्या दुकानात आहे.

काय घडतं ते अणूंच्या पातळीवर पाहिलं. सुडॉक्सिकॅममध्ये चौथ्या आणि पाचव्या कार्बनांमधला दुहेरी बंध उघडा आहे. सायटोक्रोम त्यावर ऑक्सिजन चढवतो, इपॉक्साइड बनतं, पाणी शिरतं, रिंग तुटते. दोन कार्बनांचा तुकडा ग्लायोक्झाल म्हणून सुटतो आणि मागे उरतो असाइल थायोयुरिया. थायोयुरियाच्या गंधकावर पुन्हा ऑक्सिजन चढला की प्रथिनांना धरणारी जात तयार होते. मेलॉक्सिकॅममध्ये सायटोक्रोमला, मुख्यतः त्याच्या सीवायपी२सी९ या प्रकाराला, सोपं भक्ष्य मिळतं ते म्हणजे मिथिल. त्याचं हायड्रॉक्सिमिथिल होतं, मग कार्बॉक्सिलिक आम्ल, आणि ते शरीराबाहेर जातं. रिंग तुटण्याची वाट पूर्ण बंद होत नाही, पण ती आडवाट होते. त्यातून डोस दिवसाला ७.५ ते १५ मिलिग्रॅम.

कालपर्यंतचा थायाझोलचा पॅटर्न या दोघांना सारखाच लागत होता. आता दोन ओळी: चौथा आणि पाचवा दोन्ही कार्बन मोकळे असतील तर वरचं वजन, पाचव्यावर काही असेल तर खालचं, आणि शेऱ्यात "पाचव्या जागेवर काय आहे ते पाहा". त्या जागेवरच्या गटाला सायटोक्रोम सहज हात घालू शकत नसेल तर मेलॉक्सिकॅमचा दिलासा तिथे लागू पडत नाही. फ्लोरिन लावून जागा बुजवणं आणि मिथिल लावून लक्ष वळवणं हे दोन वेगळे उपाय आहेत.

थायोफीन या गंधक असलेल्या रिंगसाठीही अशीच जोडी हवी होती. टायनिलिक आम्ल लागतं (यकृताच्या इजेमुळे अमेरिकेत १९८० मध्ये मागे घेतलं), रक्ताच्या गुठळ्या रोखणारं क्लोपिडोग्रेलही लागतं. क्लोपिडोग्रेलमध्ये मात्र थायोफीन उघडूनच काम करणारा थायॉल मिळतो. रचनेवरून या दोघांना वेगळं करणारा प्रामाणिक नियम सुचला नाही, म्हणून केला नाही.

२४ जून

चाळणी ज्याला "सक्रिय मेटाबोलाइट शक्य" म्हणते त्याला पुढची चाचणी म्हणजे ग्लुटाथायॉन सापळा: अशा मेटाबोलाइटला (औषध शरीरात बदलून बनलेल्या पदार्थाला) ग्लुटाथायॉन या गंधकयुक्त रेणूनं पकडायचं. ओळखीच्या रेणूंवर बसवायला घेतली.

कृती: मानवी यकृत मायक्रोसोम (सायटोक्रोम असलेले यकृतपेशींचे तुकडे) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, फॉस्फेट बफर १०० मिलिमोलर, पीएच ७.४, संयुग १० मायक्रोमोलर, ग्लुटाथायॉन ५ मिलिमोलर. ३७ अंशांवर ३ मिनिटं ठेवून एनएडीपीएच (सायटोक्रोमला लागणारा सहघटक) १ मिलिमोलर घालून सुरुवात. एकूण ०.५ मिलिलिटर, ६० मिनिटं. थांबवायला दुप्पट गार अ‍ॅसिटोनायट्राइल, सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण नायट्रोजनखाली सुकवून एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर). धन पद्धतीत १२९ चा उदासीन ऱ्हास (ग्लुटाथायॉनच्या जोडातून सुटणारा १२९ वस्तुमानाचा भाररहित तुकडा) शोधायचा. सोबत एनएडीपीएच विना आणि ग्लुटाथायॉन विना अशा दोन नळ्या.

क्लोझापिन: ६३२ वर शिखर, तुटून ५०३. बरोबर. एनएडीपीएच नसलेल्या नळीत काही नाही.

पॅरासिटामॉल: ४५७ वर काहीच नाही.

२५ जून

पॅरासिटामॉलचं कारण सापडलं. साठ्याचं द्रावण डीएमएसओ या द्रावकात केलं होतं आणि नळीत डीएमएसओ १ टक्का होत होतं. पॅरासिटामॉलपासून एनएपीक्यूआय (यकृताला इजा करणारा मेटाबोलाइट) बनवणाऱ्या विकरांत सीवायपी२ई१ मुख्य आहे, आणि डीएमएसओ नेमकं त्यालाच दाबतं. शिवाय १० मायक्रोमोलर ही मात्रा त्या विकरासाठी फारच तोकडी. पॅरासिटामॉल थेट बफरमध्ये विरघळवून १ मिलिमोलर ठेवलं. ४५७ स्वच्छ, तुटून ३२८.

सगळ्यांसाठी नियम: डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नाही. ग्लुटाथायॉनचं द्रावण त्याच दिवशी करायचं, शिळं झालं की त्याचं डायसल्फाइड होतं. मायक्रोसोम बर्फावर वितळवायचे आणि उरलेले पुन्हा गोठवायचे नाहीत.

काही जोड १२९ गमावत नाहीत, म्हणून तोच नमुना ऋण पद्धतीत २७२ वस्तुमानाच्या तुकड्याचा जनक शोधूनही चालवायचा. अ‍ॅल्डिहाइडला ग्लुटाथायॉन नीट धरत नाही, तिथे मेथॉक्सिलअमाइन. इमिनियमला पोटॅशियम सायनाइड, आणि तेव्हा आम्ल त्या टेबलाच्या आसपासही नको.

१ जुलै

डोसचा रकाना जोडला. ट्रोग्लिटाझोन, रोसिग्लिटाझोन, पायोग्लिटाझोन या मधुमेहावरच्या तिघांत थायाझोलिडिनडायोन आहे, तिघांना अलर्ट लागतो. ट्रोग्लिटाझोनला दुसराही लागतो, त्याच्या क्रोमॅन रिंगवरच्या फिनॉलमधून क्विनोन बनतं. डोस दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. यकृत निकामी होण्याच्या घटनांनंतर अमेरिकेत ते २००० मध्ये मागे घेतलं. रोसिग्लिटाझोनचा डोस ४ ते ८ मिलिग्रॅम, पायोग्लिटाझोनचा १५ ते ४५, आणि यकृताबाबत दोघांचा इतिहास त्या मानानं शांत. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मनोविकारांवरच्या औषधांचंही तसंच. दोन्ही प्रयोगशाळेत ग्लुटाथायॉनला धरतात, पण क्लोझापिन शेकडो मिलिग्रॅममध्ये देतात आणि ओलान्झापिन ५ ते २० मध्ये. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याची भीती क्लोझापिनचीच.

दिवसाला १० मिलिग्रॅमहून कमी डोस असलेल्या औषधांत अशी अनपेक्षित यकृत-इजा विरळा. नव्या रेणूचा डोस आज माहीत नसतो हे खरं. तरी अंदाज लिहायचाच. अलर्ट काढता येत नसेल तर प्रभाव वाढवून डोस खाली आणणं हाही उपाय आहे, आणि केमिस्टच्या हातात तो लवकर असतो.

३ जुलै

हर्ग चॅनेल (हृदयाच्या ठोक्यांची लय राखणारी पेशीतली पोटॅशियमची वाट) या यादीत घ्यायचा नाही असं ठरलं. हा चॅनेल अडवणाऱ्या टर्फेनाडिन या औषधाला दोषी ठरवेल असा एक तुकडा दाखवता येत नाही. अल्कधर्मी नायट्रोजन आणि भरपूर तेलकटपणा एकत्र आला की चॅनेल अडतो. त्याच्या टोकाचा एक मिथिल कार्बॉक्सिलिक आम्ल झाला की फेक्सोफेनाडिन मिळतं, आणि हृदयाचा तो धोका जातो. त्यासाठी पीकेए (आम्ल-अल्कधर्म सांगणारा आकडा) आणि लॉगपी (तेलकटपणा सांगणारा आकडा) वापरणारं वेगळं मॉडेल हवं.

८ जुलै

दुसऱ्या फेरीतल्या तुकड्यांची ज्ञात विषारी रेणूंच्या छोट्या यादीशी अख्खी जुळणी करून पाहिली. यादीत ऑर्थो-टोल्युइडिन आहे, आणि डायक्लोफेनॅक "गिधाडांसाठी" या शेऱ्यासह आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती त्यामुळेच: मेलेल्या गुराचं मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. पर्याय म्हणून पुढे आलं ते वरचंच मेलॉक्सिकॅम.

प्रिलोकेन: "तुटल्यास ऑर्थो-टोल्युइडिन". अपेक्षित.

अ‍ॅसिक्लोफेनॅक: पहिल्या फेरीत डायअराइल अमाइनचा अलर्ट, डायक्लोफेनॅकलाही लागतो तोच. ज्ञात यादीशी जुळणी नाही. दुसऱ्या फेरीत एस्टर तुटला, ग्लायकोलिक आम्ल बाजूला पडलं आणि ओळ आली: "तुटल्यास डायक्लोफेनॅक". गुरांच्या शरीरातही हेच होतं. अ‍ॅसिक्लोफेनॅकवर जनावरांसाठी बंदी २०२३ मध्ये आली.

तुकड्यांची फेरी आता ऐच्छिक नाही, प्रत्येक रेणूवर आपोआप चालेल. तोडायच्या बंधांत कार्बामेट आणि फॉस्फेट एस्टर जोडायचे आहेत. त्यांचे साक्षीदार रेणू ठरले की पुढची नोंद.